तुझे कान ठीक होते

दादा,

तुझी बातमी तिसऱ्या दिवशी आली. जिल्ह्याच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पाच ओळी. नाव, वय, गाव, मागे कोण कोण, अंत्यसंस्कार कुठे झाले. मला त्यात शुद्धलेखनाची एक चूक दिसली आणि एक शब्द जास्तीचा वाटला. अकोल्याला पेपरच्या डेस्कवर तीस वर्षे काढली की असे होते. सख्ख्या भावाची बातमीही डोळे तशीच वाचतात. त्या पाच ओळींत जे आले ते इथे परत लिहीत नाही. जे आले नाही ते लिहायचे आहे. तुझे कान बिघडलेले नव्हते. बिघाड ड्रममध्ये होता, आणि तो मी केला होता.

हे मला तू जाण्याच्या अडीच महिने आधी कळले. त्या अडीच महिन्यांत मी वाशीमहून शेलूबाजारला, तुझ्या मळ्यात, चार वेळा येऊन गेले. चारही वेळा बोलले नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मी दमले आहे. दमलेला माणूस बातमी सरळ लिहितो, कारण सजवायला ताकद उरत नाही. म्हणून आत्ताच लिहून टाकते.

ड्रम बाबांचा. बँडवाले त्याला नुसते साईड म्हणतात. पट्टा गळ्यात, ड्रम डाव्या मांडीवर तिरका, हातात दोन काड्या. बाबांनी तो कुठल्याशा पलटणीच्या मोडीत निघालेल्या सामानातून घेतला, एवढेच आपल्याला ठाऊक. पितळेचे अंग, वरखाली बकरीचे कातडे, आणि खालच्या कातड्याला टेकून ताणलेल्या तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, दोऱ्या. वर काडी पडली की त्या दोऱ्या खाली थरथरतात आणि वाळू सांडल्यासारखा आवाज येतो. आत कारखान्याचा शिक्का आहे, पण अर्धा घासून गेलेला. मी भिंग लावून पाहिले. छापण्याजोगे काही हाती लागले नाही.

बाबांनी वाजवणे सोडल्यावर तो तू वाजवलास. वर्षातले आठ महिने वांगी, मेथी, कोथिंबीर, लग्नसराईत बँड. मी शिकायला अकोल्याला निघाले त्या दिवशी तुला मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर लग्नात वाजवायला जायचे होते. बसस्टँडपर्यंत तू एका खांद्यावर ड्रम आणि दुसऱ्यावर माझी पेटी घेऊन चाललास. बाबांचा जीव होत नव्हता मला पाठवायला. तू त्यांना एकच वाक्य बोललास, "ते शिकते मनते तं शिकू द्या, तिले कुठं मेथी निवडता येते." त्या वाक्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मेथी निवडता येत नाही, याचा राग मात्र बरीच वर्षे धरला.

गेल्या वैशाखात, सराईच्या शेवटच्या लग्नाहून येताना, धनजच्या पुढे जीपच्या टपावरून ड्रम सुटून पडला आणि रस्त्याखाली गडगडत गेला. दोन बोल्ट तुटले. कातडे धरणारे वरचे कडे वाकले. दोन्ही कातडी फाटली. तात ताणायचा पितळी स्क्रू पडला तो सापडलाच नाही. किसनभाऊ, म्हणजे चाळीस वर्षे तुझ्या शेजारी उभे राहून क्लॅरनेट वाजवणारे तुझे जोडीदार, त्यांनी तुला नवा घ्यायला सांगितले. हे बोलणे मला नंतर त्यांनीच ऐकवले.

"फायबरचा आणू. हप्त्यात येते नागपूरहून."

"फायबरचा तू वाजव."

"अन् मी वाजवतो ते पिपाणी कोण वाजवीन? तू?"

"हा दुरुस्त झाला तं येतो. नाही तं माहे वांगे हायेत."

म्हणजे पुढच्या सराईत तू बँडमध्ये असणार की नाही, हे त्या ड्रमवर आले. तू मला फोन केलास.

"बेबी, तू रिटायर झाली न? दिवसभर काय करतं?"

"वाचते."

"अजून वाचतंच हाय? ये, माहा ड्रम घेऊन जाय. तुले शोधाशोध करता येते."

शोधाशोध करता येते, हे खरे होते. मी ड्रम वाशीमला माझ्या घरी आणला, पूर्ण उघडला, प्रत्येक भाग मोजला, वहीत आकृती काढली, प्रत्येकाला आकडा दिला, फोटो काढले. एकूण एकेचाळीस भाग. त्यातले काय आहे, काय मोडले, काय हरवले, याची यादी केली. लेथवाल्याने तुटलेला बोल्ट हातात धरून फिरवला आणि म्हणाला, "ताई, असे आटे आता कोणीच पाडत नाही. याच्या मापाचा नट बी कुठं भेटणार नाही." मग त्याने स्वतःच दोन नवे पाडून दिले, तीन वेळा चुकले, चौथ्यांदा बसले. पितळी स्क्रू मंगरूळपीरला भंगाराच्या दुकानात मिळाला. बंद पडलेल्या एका शाळेच्या कवायतीचे तीन ड्रम तिथे एकात एक घालून ठेवले होते. त्यातल्या एकाचा स्क्रू आपल्याला केसभर मोठा होता. तो घासून घेतला.

तात मिळेना. हल्ली सगळे स्टीलच्या तारा लावतात. तू म्हणालास, तारा नको, तारा कडकडतात. मी अमरावतीला विचारले, नागपूरला फोन केले. शेवटी वहिनीने सांगितले ते कोणत्याच दुकानदाराला सुचले नव्हते. ती म्हणाली, "पिंजाऱ्याच्या कमानीले तातच असते न?" कारंज्याला रशीदचाचा सापडले. कापूस पिंजायचे मशीन येऊन त्यांची कमान भिंतीवर टांगली गेली त्यालाही वीस वर्षे झालेली. त्यांनी ती खाली उतरवली, बोटाने छेडली.

"हे लग्नात वाजणार?"

"हो."

"मग घेऊन जा. गाद्या भरून भरून वाजली, आता वरातीत वाजू दे."

ही गोष्ट मी तुला फोनवर सांगितली तेव्हा तू बराच वेळ हसत होतास. त्या चार महिन्यांत आपण जितके बोललो तितके आधीच्या दहा वर्षांत बोललो नव्हतो.

आता चूक.

वरचे कातडे काढल्यावर आतून एक चिंधी दिसली. दोन बोटे रुंद, पितळेच्या या काठापासून त्या काठापर्यंत, दोन्ही टोकांना लाखेने चिकटवलेली. काळी, मेणचट, धुळीने भरलेली. मला वाटले, कधीतरी फाटलेल्या कातड्याला कोणी आतून आधार दिला असावा. यादीत तिला आकडा दिला नाही. रॉकेल लावून सुरीने लाख खरवडली, चिंधी कचऱ्यात टाकली, काठ चकचकीत केला. पाच मिनिटांचे काम.

यावर विचार करायला मला नंतर बराच वेळ मिळाला. मी आयुष्यभर हेच काम केले. आलेल्या मजकुरातले जास्तीचे ओळखायचे आणि काढायचे. तुला आठवत असेल, एकदा तुमच्या बँडची बातमी तू स्वतः लिहून मला दिली होतीस, पंधरा ओळी. मी त्या चार केल्या. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला.

"चार वळीत माहं नाव नाही बसलं काय?"

"बँडचं नाव आहे ना."

"बँडचं नाव तं गाडीवर बी हाय."

तो वाद तू दर दिवाळीला काढायचास. मी दरवेळी सांगायचे की जागा नव्हती. जागा होती. मला ते नाव जास्तीचे वाटले होते.

कड्यांवर नवी कातडी चढवून देणारे तुळशीराम कारंज्याला. पूर्वी तू कातडे बदलायला अख्खा ड्रम त्यांच्याकडे टाकायचास आणि आठ दिवसांनी उचलायचास. या वेळी पितळेचे अंग लेथवाल्याकडे होते, म्हणून मी त्यांच्याकडे नुसती कडी पाठवली. त्यांनी कातडी चढवून कडी परत केली. ड्रम मी जुळवला, वहीतल्या आकड्यांप्रमाणे, आणि नवरात्रात तुझ्याकडे आणला.

तू अंगणात खाट टाकून बसला होतास. हात धुऊन आलास, पट्टा गळ्यात घातलास, बोल्ट थोडे थोडे आवळलेस आणि वाजवलेस. मग थांबलास. पुन्हा वाजवलेस. बोल्ट सैल केले, पुन्हा आवळले.

"बेबी, हे भांडं वाजून राह्यलं."

"नवं कातडं आहे. बसेल."

"कातडं नाही. मांगून आवाज येते. वाजवणं थांबलं तरी थांबत नाही."

मी वही काढली. एकेक भाग तुला दाखवला. हा जुना, हा नवा, हा तंतोतंत मापाचा. तू लक्ष देऊन पाहिलेस. मी शेवटी म्हणाले, "दादा, ड्रममध्ये काहीही बदललेलं नाही. अगदी होता तसा आहे."

तू पुन्हा एकदा काडी मारलीस आणि कानात बोट घालून हलवलेस.

"मंग माह्याच कानात वाजत असन."

तू वाद घातला नाहीस. हे मला अजून पचत नाही. मजुरीच्या दरापासून भेंडीच्या बियाण्यापर्यंत तू माझ्याशी प्रत्येक गोष्टीवर भांडलास. त्या दिवशी वहीत सगळे लिहिलेले होते, म्हणून गप्प बसलास. चाळीस वर्षे ऐकलेल्या आवाजापेक्षा तू माझ्या अक्षरावर विश्वास ठेवलास.

पुढे जे झाले ते क्रमाने असे. दिवाळीनंतर गावात कानांचे शिबिर आले. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की वयाच्या मानाने ऐकू थोडे कमी येते. ते खरेच असणार. त्या वयाच्या कोणालाही त्यांनी तेच सांगितले असते. तुला तेवढे पुरले. तू कानाचे मशीन लावू लागलास. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू झाली तेव्हा किसनभाऊ बोलवायला आले, तर तू त्यांना म्हणालास की साईड बेसूर झाला तर चालतो, साईडवाला बहिरा झालेला चालत नाही. त्यांनी ड्रम एकदा वाजवून दाखव म्हटले. तू ड्रम आत ठेवून दिलास.

मी त्यानंतर एका नातेवाइकाकडे कारंज्याला गेले होते. कातडी चांगली चढली हे सांगायला तुळशीरामांकडे डोकावले. ते ढोलकीला वादी ओढत होते.

"कसा बोलते साईड?"

"दादा म्हणतो, भांड्यासारखा वाजतो."

त्यांचा हात थांबला. "पट्टी लावली नाही काय?"

"कसली पट्टी?"

"आतून, कातड्याखालून. तुमीनं कडेच पाठवले, मले वाटलं पट्टी जागेवर असन. पितळ लय बोलते न बाई. त्याले थोडं गप करा लागते. माह्या बापापासून आमी लावतो."

"दादाला माहीत नव्हतं हे."

"गिऱ्हाइकाले काय सांगायचं त्याच्यात? त्यायले आवाज पाह्यजे, तो देल्ला."

मी बाहेर येऊन जीपमध्ये बसले. शेलूबाजार वाटेतच होते. उतरले नाही.

पुढच्या चार भेटींचा हिशेब मी स्वतःशी पुष्कळदा मांडला. पहिल्या वेळी अंगणात पाहुणे होते. दुसऱ्या वेळी तुला ताप होता. तिसऱ्या वेळी तू स्वतःच म्हणालास, "बरं झालं बेबी, सुटलो. उभं राहून राहून पाय भरून येत." मला ते हवेच होते. मी मनात नोंद केली की आता सांगून उपयोग नाही, तू रमला आहेस. चौथी भेट संक्रांतीनंतरची. तू मला वांगी तोडून दिलीस, मी बोलत होते आणि तू मशीनची चकती फिरवत होतास. "थोडं मोठ्यानं बोल," म्हणालास. मी मोठ्याने बोलले. नेमके तेच मोठ्याने बोलायचे राहिले.

खरे कारण साधे आहे. चूक मान्य करायची मला सवय नव्हती. आमच्याकडे चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती जाते. खाली कोणाचे नाव नसते.

तेरवीनंतर दोन दिवसांनी किसनभाऊ आले. चैत्रातली लग्ने तोंडावर होती. त्यांना ड्रम हवा होता. नवा साईडवाला घेतला आहे, फायबरवर काम भागत नाही, म्हणाले. वहिनी ओसरीवर बसून मेथी निवडत होती. तिने मान हलवली, म्हणजे न्या. मी आतून ड्रम आणला आणि देण्याआधी दोघांना सगळे सांगितले. चिंधी, रॉकेल, तुळशीराम, चार भेटी. लेखी दिल्यासारखे, काही न वगळता.

किसनभाऊंनी ड्रम स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "मी त्याले मनलं होतं, एकडाव वाजवून दाखव. ऐकलं असतं तं मले तेव्हाच समजलं असतं. तो मने, बेबीनं तपासला हाय, त्याच्यात काय पाह्यचं."

वहिनी मेथी निवडत होती. जुड्या, मुळे, पाने वेगवेगळी पडत होती.

"रस्त्यानं वरात चालली का तो मोटरच्या खोलीत जाये," ती म्हणाली. "मोटर लावून बसे. वाफ्यात पाणी साचलेलं राहे, तरी लावे. मी मने, काहून लावली आता?" मग माझ्याकडे न पाहता, "त्या कानाच्या मशीनचे सेल मीच बदलत होती. तो काढून ठेवे, मी परत लावून देत होती. तू येनार असली का तोच मने, लाव, बेबी येते, तिचं आयकू आलं पाह्यजे."

"तवाच काहून नाही सांगतलं?" वहिनीने विचारले.

मी म्हणाले, "हिंमत झाली नाही."

"पेपरात तं लय लिहत होती."

किसनभाऊंनी विषय मोडला. त्यांनी चावी काढली, आठही बोल्ट सैल केले, वरचे कडे उचलले. "वैनी, काही चिंधी असन तं दे." वहिनीने चुलीवरचे पातेले उतरवायची चिंधी आणून दिली, धुतलेली होती. त्यांनी ती दोन बोटे रुंद फाडली. आधी कडे नुसते बसवून, बोल्ट आवळून त्यांनी काड्या चालवल्या. मग परत उघडून चिंधी काठावरून काठावर ताणली, वर कडे दाबले, तेवढेच आवळले, आणि तीच चाल पुन्हा वाजवली. फार वेळ नाही. वरात देवळापाशी वळते तेव्हाची चाल असते तेवढीच.

वहिनीचे हात थांबले. इतकी वर्षे ती बँडच्या मागे कधी गेली नाही. तुझे वाजवणे तिने नेहमी भिंतीपलीकडून ऐकलेले. तिने पदर तोंडाला लावला. "हा," ती म्हणाली. "हा त्याचा."

किसनभाऊ माझ्याकडे वळले. "पाह्यलं, किती फरक पडला?"

मी त्यांना पुन्हा वाजवायला सांगितले. त्यांनी वाजवले. चिंधी काढून वाजवले, घालून वाजवले. मी डोळे मिटून ऐकले. दादा, मला फरक कळला नाही. मी तसे त्यांना सांगितले.

किसनभाऊंनी काड्या खाली ठेवल्या. मग वहिनी म्हणाली, आवाज न चढवता, "मंग त्याले होता तसा हाय मनून कोणत्या कानानं सांगतलं?"

त्या दिवशी मी ऐकतच नव्हते, दादा. तू वाजवत होतास आणि मी तुझ्या तोंडाकडे पाहत उभी होते. तू मला शाबास म्हणशील, याची वाट पाहत होते.